देवाच्या घरात संसार : परळच्या एका जुन्या चर्चची कथा

आपल्याकडे कितीही लहान बिऱ्हाड असले तरी त्यात देवासाठी एखादा कोनाडा राखलेला असतोच. गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ओट्याशेजारच्या फळीवर देव मांडलेले असतात. तेथेच स्वयंपाक होतो, मुले धडे घोकतात, रात्री अंथरुणे पसरतात, आणि देवाला त्याची अडचण होत असेल असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. माणसाच्या घरात देवाने राहावे हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते. परंतु कोणी याच्या उलट सांगितले, म्हणजे देवाच्या घरात एका कुटुंबाने संसार मांडला असे म्हटले, की आपण दचकतो. जेथे प्रार्थना झाली तेथे पानांची पंगत आणि जेथे घंटा वाजली तेथे पाळणा, ही कल्पना मनाला पटकन रुचत नाही.

युरोपात मात्र ही गोष्ट आता नित्याची झाली आहे. इंग्लंड, वेल्स, नेदरलंड्स या देशांत उपासकांची संख्या घटत गेली आणि मोठमोठ्या इमारतींचा दुरुस्तीखर्च थोड्या माणसांच्या माथी आला. अनेक चर्चे बंद झाली. नेदरलंड्समधील मास्ट्रिक्ट शहरात डॉमिनिकन पंथाच्या मध्ययुगीन चर्चमध्ये २००६ साली पुस्तकांचे दुकान उघडले. खेड्यापाड्यांतील लहान प्रार्थनामंदिरे कुटुंबांनी विकत घेऊन त्यांची राहती घरे केली. हे ऐकून 'ही पश्चिमेकडची नवी तऱ्हा' असे कोणी म्हणेल. तसे मात्र नाही. ज्या परळच्या रस्त्याने आपण नित्य जातो, तेथे सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका चर्चचे घर झाले, त्या घरात पिढ्यान् पिढ्या कुटुंबे नांदली, आणि ती वास्तू आजही उभी आहे. आचार्य दोंदे मार्गावरील हाफकिन संस्थेच्या आवारातली जुनी इमारत ती हीच.

या वास्तूच्या आधाराने आम्ही तीन गोष्टींचा उलगडा करणार आहो. चर्चचे घर कसे झाले, ही पहिली. अशा इमारतीचे घर करताना बांधकामाच्या दृष्टीने काय काय करावे लागते, ही दुसरी. आणि असे करण्याचा अधिकार कोणाचा, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी इतिहासाच्या आणि कारागिरीच्या आहेत. तिसरी आपल्या सर्वांच्या विचाराची आहे.

परळची इमारत

आज परळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालये आणि गिरण्यांची धुराडी उभी राहतात. सतराव्या शतकात येथे तळी, भातखाचरे आणि माडांच्या बागा होत्या. मुंबई बेटे पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. १६६१ च्या विवाहतहाने ती इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. राज्य बदलले, पण धर्मसंस्थांच्या जमिनी एकदम बदलल्या नाहीत. १६७० नंतरच्या काही वर्षांत जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईत होता. परळला जेझुइट पाद्र्यांचे चर्च आणि त्यांची मिळकत असल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे.

पुढे १६८९-९० साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली. बेटाचा बहुतेक भाग त्याच्या हाती गेला आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. या संकटात जेझुइटांनी शत्रूला साहाय्य केले असा इंग्रजांनी त्यांच्यावर ठपका ठेवला, आणि वेढा उठल्यावर त्यांच्या मिळकतीवर गदा आली. १७५० साली मुंबईस आलेला जॉन हेन्री ग्रोस हा प्रवासी लिहितो की, परळचे गव्हर्नरचे टुमदार घर हे मुळात जेझुइटांचे प्रार्थनामंदिर असून १७१९ च्या सुमारास ते जप्त करण्यात आले. तो काळ गव्हर्नर चार्ल्स बून याचा. याच बूनच्या कारकीर्दीत, १७१८ च्या नाताळात, किल्ल्यातील सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुले झाले. म्हणजे एका हाताने देवाचे एक घर उघडले आणि लवकरच दुसऱ्या हाताने देवाचे दुसरे घर स्वतःच्या राहण्यासाठी घेतले! एक आपल्या पंथाचे होते, दुसरे परक्या पंथाचे होते, भेद एवढाच.

१७६३-६४ साली कार्स्टन नीबूर हा डॅनिश मोहिमेतील नामांकित प्रवासी मुंबईत होता. त्यानेही हे घर पाहिले. खाली प्रशस्त भोजनगृह, त्याच्यावर नाचाचे दालन, आणि ही जागा म्हणजे पूर्वीचे जेझुइट चर्च, असे त्याचे वर्णन आहे. त्यानंतर साठ वर्षांनी, १८२५ साली, कलकत्त्याचे बिशप हेबर मुंबईस आले. त्यांनीही एकावर एक असलेल्या या दोन दालनांचे कौतुक केले आहे. पण घर कसे मिळाले याविषयी त्यांनी ऐकलेली हकीकत निराळीच आहे. चर्च एका पारशी गृहस्थाकडे गेले होते आणि सुमारे साठ वर्षांपूर्वी सरकारने ते त्याच्याकडून विकत घेतले, असे ते लिहितात.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. १८२५ मधून साठ वजा केले की १७६५ येते. पण ग्रोसने गव्हर्नरचे घर म्हणून या इमारतीचे केलेले वर्णन १७५७ साली छापून प्रसिद्ध झाले होते, आणि नीबूर तर १७६४ अखेर मुंबई सोडून गेला. अर्थात खरेदीची ही हकीकत तारखांच्या कसोटीला उतरत नाही. मग ती रूढ कशी झाली असावी? आमच्या मते यात मनुष्यस्वभावाचा एक धडा आहे. ज्या घरात आपण राहतो, जेवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो, ते कोणाकडून तरी हिसकावून घेतलेले आहे ही आठवण सुखाची नसते. शंभर वर्षांत जप्तीची खरेदी झाली. इमारतीच्या भिंतींना चुना लावावा तसा तिच्या कथेलाही कोणीतरी चुना लावला.

घर कोठे होते?

आरंभी हे घर गव्हर्नरचे शहराबाहेरचे विश्रांतिस्थान होते. कायमचे बिऱ्हाड किल्ल्यातच असे. १७७१ ते १७८४ या काळात विल्यम हॉर्नबी गव्हर्नर होता. वरळीचा बांध ज्याच्या नावाने 'हॉर्नबी व्हेलार्ड' म्हणून ओळखला गेला तोच हा. त्याने किल्ल्यातले घर सोडून परळला राहण्यास सुरुवात केली. पुढे ज्याचे नाव आपल्या शिक्षणाच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या १८१९ ते १८२७ या कारकीर्दीत या इमारतीला दोन्ही बाजूंनी नवे भाग जोडले.

गव्हर्नरच तेवढे येथे राहत असे नाही. १८०४ साली मुंबईचे न्यायाधीश म्हणून सर जेम्स मॅकिंटॉश बायकामुलांसह आले, तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी परळचे हे घर त्यांना राहण्यास दिले. मॅकिंटॉश मोठे ग्रंथप्रेमी होते. येथे त्यांना आपल्या ग्रंथसंग्रहासाठी बागेकडे तोंड असलेल्या दोन छान खोल्या मिळाल्या, आणि त्याचे वर्णन त्यांनी पत्रांतून मोठ्या समाधानाने केले आहे. त्यांच्याच पुढाकाराने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' या संस्थेची पहिली सभा भरली. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण ज्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातो, तिचे मूळ या सोसायटीत आहे. एका जुन्या चर्चच्या आश्रयाने राहणाऱ्या कुटुंबप्रमुखाच्या ग्रंथप्रेमातून मुंबईची एक महान विद्यासंस्था जन्मास आली, हे कितीजणांना ठाऊक असते?

आता या वास्तूचा नकाशा मनाशी आणून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते, आणि आमच्या मते सर्व विषयाची किल्ली तीच आहे. चर्चचे मूळ दालन कोणाचे शयनगृह झाले नाही की माजघर झाले नाही. ते भोजनाचे आणि नाचाचे, म्हणजे पुष्कळ माणसे एकत्र जमण्याचेच स्थान राहिले. कुटुंबाचे खाजगी जीवन त्याच्या बाजूने वाढलेल्या, पुढे एल्फिन्स्टनने आणखी वाढविलेल्या भागांत चालले. म्हणजे चर्चचे घर झाले असे आपण म्हणतो खरे; पण नीट पाहिले तर चर्चचा दिवाणखाना झाला, आणि घर त्याच्या भोवती बांधले गेले.

याचे कारण शब्दातच सापडते. कोकणात आणि गोव्यात चर्चला 'इगर्ज' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला, आणि तो ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दापासून. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ इमारत नव्हे. त्याचा अर्थ सभा. चर्चची इमारत म्हणजे सभेसाठी उभारलेले छप्पर. आपल्या देवळाचे तसे नाही. तेथे गर्भगृह हा गाभा असतो आणि सभामंडप हे त्याचे अंगण. गर्भगृहात दहा माणसे मावली नाहीत तरी चालते. चर्चमध्ये मात्र शेवटच्या रांगेतील माणसालाही वेदी दिसली पाहिजे आणि पाद्र्याचा शब्द ऐकू आला पाहिजे. म्हणून ते दालन मोकळे, लांब आणि उंच असते. अशा दालनाचा स्वभावच मेळाव्याचा असतो. त्या स्वभावाशी जुळवून घेणारे घर सुखाचे होते. त्याच्याशी भांडणारे घर कुरूप होते आणि गैरसोयीचेही.

कारागिरीच्या अडचणी

पहिली अडचण उंचीची. राहत्या खोलीला दहा-बारा फूट उंची पुरते. चर्चच्या दालनाची उंची याच्या दुप्पट-तिप्पट असते. आपल्या चाळीतील गृहस्थाला जास्तीची उंची मिळाली तर तो काय करील? लगेच पोटमाळा घालील. युरोपातील गृहस्थही हेच करतो. फक्त त्याचा पोटमाळा साऱ्या इमारतीभर असतो. परंतु मजला घालणे म्हणजे नुसत्या तुळया टाकणे नव्हे. जुनी भिंत छपराचे ओझे पेलण्यासाठी बांधलेली असते. मधल्या मजल्याचे, त्यावरच्या माणसांचे आणि सामानाचे ओझे तिच्या हिशेबात धरलेले नसते. म्हणून शहाणा स्थापत्यविशारद नवा मजला भिंतीत न रोवता वेगळ्या खांबांवर उभा करतो. यात आणखी एक लाभ आहे. उद्या तो मजला काढावासा वाटला तर मूळ इमारतीला ओरखडाही न उमटता तो काढता येतो.

उंचीच्याच पोटात दुसरा धोका दडलेला असतो. उतरते छप्पर ज्या लाकडी कैच्यांवर बसलेले असते, त्या कैचीची खालची आडवी तुळई दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवते. वरच्या मजल्यावर चालताना डोक्याला लागते म्हणून ही तुळई कोणी कापली, तर छप्पर हळूहळू फाकू लागते आणि भिंती बाहेरच्या अंगाला कलतात. दगडी कमानीचेही असेच आहे. कमान खाली दाबते तशी बाजूलाही रेटते, आणि तो रेटा सोसण्यासाठी भिंत जाड ठेवलेली असते. त्या भिंतीत दार पाडण्यापूर्वी कमानीची अनुज्ञा घेतली पाहिजे असे आम्ही म्हणतो, ते थट्टेने नव्हे.

दुसरी अडचण उजेडाची. चर्चच्या खिडक्या उंचावर असतात. उजेड वरून यावा आणि बाहेरची वर्दळ नजरेला पडू नये, असा त्यात हेतू. घर झाले की हा हेतू उलटतो. घरातल्या माणसाला खिडकीत बसून रस्ता पाहायचा असतो. शिवाय मधला मजला नेमका खिडकीच्या मध्यावर आला तर खालच्या खोलीला खिडकीचे पाय मिळतात आणि वरच्या खोलीला डोके! यावर एकच चांगला उपाय आहे. मजला भिंतीपासून हातभर आत थांबवावा, म्हणजे खिडकी अखंड राहते आणि उजेड दोन्ही मजल्यांना वाटला जातो.

तिसरी अडचण आवाजाची. उंच दालन आणि कठीण भिंती यांमुळे शब्द घुमतो. स्तोत्र गाताना जे वैभव वाटते ते भांडी घासताना शाप वाटते. जाड पडदे, पुस्तकांची कपाटे, जाजमे, लाकडी तावदाने यांनी हा घुमारा कमी होतो. मॅकिंटॉशसाहेबांच्या ग्रंथांसारखा संग्रह जवळ असेल तर हे काम आपोआप होते.

चौथी गोष्ट हवेची. येथे विलायत आणि मुंबई यांचा हिशेब उलटा आहे. थंड देशात उंच दालन म्हणजे मोठा तोटा. चुलीची सारी ऊब छपराला जाऊन लागते आणि खाली माणूस कुडकुडतो. आपल्याकडे तीच उंची वरदान ठरते. गरम हवा वर चढते, वरच्या झरोक्यांनी बाहेर जाते, आणि जाड दगडी भिंत दुपारची तलखी आत येऊ देत नाही. परळच्या उष्ण, दमट हवेत गव्हर्नरांना जे दालन आवडले त्याचे एक कारण हे असले पाहिजे.

पाचवी आणि मुंबईत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओलीची. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. पावसाळ्यात त्या पाणी पितात आणि उन्हाळ्यात ते सोडून देतात. त्यांवर चुन्याचाच गिलावा असला तर ही ये-जा चालू राहते. हौसेने सिमेंटचा गिलावा केला की वरून भिंत तुळतुळीत दिसते, पण आत शिरलेले पाणी आतच कोंडते, लाकडे कुजतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. जुन्या इमारतीचा नाश जितका पावसाने होतो तितकाच अडाणी दुरुस्तीने होतो.

उरली मोरी, चूल आणि संडास यांची व्यवस्था. सभेच्या इमारतीत यांची सोय मुळात नसते, आणि नळ व गटारे यांसाठी जमीन खणावी लागते. येथे नाजूक प्रश्न येतो. जुन्या चर्चांत प्रतिष्ठितांना फरशीखाली किंवा आवारात पुरण्याची चाल होती. खणण्यापूर्वी खाली कोण विसावले आहे याची चौकशी करणे हे कायद्याचे काम आहेच, पण त्याआधी ते माणुसकीचे आहे. एका दृष्टीने साहेबांच्या काळची पद्धत येथे उपयोगी पडली असेल. त्यांच्या बंगल्यात स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर, वेगळ्या छपराखाली असे. त्यामुळे धूर आणि सांडपाणी यांनी मूळ वास्तूला उपद्रव होत नसे.

अधिकार कोणाचा?

आता तिसऱ्या आणि कठीण प्रश्नाकडे वळू. परळला कारागिरी उत्तम झाली. पण ज्यांचे ते चर्च होते त्यांना कोणी विचारले नाही. आज अशी गोष्ट करताना विचारावे लागते, आणि निरनिराळ्या समाजांनी त्यासाठी रीती घालून दिल्या आहेत.

रोमन कॅथलिक पंथाच्या १९८३ च्या धर्मसंहितेत नियम आहे की, एखादे चर्च उपासनेस मुळीच उपयोगी राहिले नाही आणि त्याची दुरुस्तीही शक्य नसली, तर बिशप ते लौकिक उपयोगास देऊ शकतात. मात्र तो उपयोग हीन असता कामा नये. इंग्लंडच्या चर्चने १९६८ साली एक कायदा करून निरुपयोगी ठरलेल्या चर्चांची व्यवस्था कशी लावावी याची पद्धत ठरविली. तीत स्थानिक लोकांचे म्हणणे ऐकावे लागते आणि पुढील वापरावर अटी घालता येतात. आपल्या महाराष्ट्रातही सार्वजनिक विश्वस्त निधीची स्थावर मिळकत विकायची तर १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मग तो निधी देवळाचा असो की चर्चचा.

या नियमांच्या मुळाशी असलेली भावना आपल्याला अनोळखी नाही. देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्तीतील देवत्व आधी कलशात घेतात, आणि मगच दगडाला हात लावतात. गिरगावच्या चौपाटीवर आपण दरवर्षी पाहतो की, ज्या मूर्तीपुढे दहा दिवस हात जोडले तिचीच उत्तरपूजा करून आपण तिला पाण्यात सोडतो. उत्तरपूजेपूर्वी त्या मूर्तीला ढकलले तर दंगल होईल. उत्तरपूजेनंतर ती माती असते. फरक मातीत पडलेला नसतो, तो ज्यांनी पूजा केली त्यांच्या संमतीत असतो. ज्यांनी देवाला बोलाविले त्यांनीच त्याला निरोप दिला पाहिजे. चर्चचे घर होण्यातही हीच उत्तरपूजा आवश्यक आहे. ती झाली असेल तर त्या छपराखाली पाळणा हलण्यात आम्हांला काहीच गैर दिसत नाही. ती झाली नसेल तर शंभर वर्षांनीसुद्धा खरेदीच्या खोट्या कथा रचाव्या लागतात.

याच शहरातील दुसरे उदाहरण परळच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. दादरचे 'पोर्तुगीज चर्च' आपण सर्वांनी पाहिले आहे. ते फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६ साली स्थापन केले. आज तेथे उभी असलेली इमारत मात्र १९७० नंतरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यावरून बांधलेली आहे. माझगावचे ग्लोरिया चर्च रेल्वेच्या कामासाठी पाडले गेले आणि १९१३ च्या सुमारास भायखळ्याला नव्याने उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी जुन्या भिंती गेल्या, पण सभा टिकली. म्हणून चर्च टिकले. परळला भिंती टिकल्या, पण सभा उठली. म्हणून चर्च संपले. एक्लेसिया या शब्दाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

घरानंतर

परळचे घरपणही कायमचे नव्हते. १८५६ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचे काम सुरू झाले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत परळच्या आसपास गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि त्यांत राबणाऱ्यांची दाट वस्ती उभी राहिली. पाणी आणि गटारे यांची सोय त्या मानाने झाली नाही. १८७५ साली युवराज एडवर्ड या घरात उतरले होते, तेव्हा त्याचे वैभव शिखरास होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत, गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांच्या कारकीर्दीत, त्यांच्या पत्नीचा मुंबईत पटकीने मृत्यू झाला. ज्यांचे नाव पुण्याच्या महाविद्यालयाने चिरस्थायी केले ते हेच फर्गसन. १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला गेले आणि परळचे घर ओस पडले. ज्या रोगराईत कामगारांच्या चाळी होरपळत होत्या तिला गव्हर्नरच्या घराची जाड भिंतही अडवू शकली नाही. फरक इतकाच की गव्हर्नरांना समुद्रकाठी दुसरे घर होते, चाळकऱ्यांना नव्हते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. रिकाम्या पडलेल्या या इमारतीत आजाऱ्यांच्या खाटा मांडल्या गेल्या. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी त्यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या या घरात सुरू झाली. १९२५ साली संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. प्रार्थनामंदिर, राजवाडा, रुग्णालय, प्रयोगशाळा अशी एकाच वास्तूची चार आयुष्ये झाली. आमच्या मते शेवटच्या दोन आयुष्यांनी मधल्या आयुष्याचे कर्ज पुष्कळसे फेडले. जे एका कुटुंबाच्या सुखासाठी घेतले गेले होते, ते पुन्हा सर्वांच्या उपयोगी पडले.

या कथेचा आजच्या आपल्या जीवनाशी संबंध आहे. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांची दालनेही चर्चसारखीच होती: उंच, मोकळी, शेकडो माणसांसाठी बांधलेली. त्यांतली थोडी नव्या उपयोगात आली. बहुतेक पाडली गेली आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. गिरगावच्या आणि दादरच्या चाळींपुढे आज हाच प्रश्न आहे. १९९५ साली मुंबईसाठी वारसा वास्तूंचे नियम झाले, आणि त्यांनी काही इमारतींना संरक्षण मिळाले हे खरे. परंतु नियम इमारत पाडण्यापासून थांबवितो, तिला जगवीत नाही. जगवितो तो वापर. परळची वास्तू तीनशे वर्षे टिकली ती कोणी तिची पूजा केली म्हणून नव्हे. प्रत्येक पिढीला तिचा काही ना काही उपयोग सापडत गेला म्हणून.

म्हणून जुनी वास्तू समोर आली, मग ते चर्च असो, गिरणी असो वा आजोबांची चाळ असो, तर तिच्याविषयी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. ही कशासाठी बांधली होती, आणि तो तिचा स्वभाव नव्या उपयोगात सांभाळता येईल काय? तिच्यात जे आपण नवे घालणार ते पुढच्या पिढीला, हवे तर, काढता येईल काय? आणि ज्यांच्या जन्ममृत्यूच्या आठवणी तिच्या भिंतींशी निगडित आहेत त्यांना आपण विचारले आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्थापत्यविशारद देतील. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी मात्र आपल्यालाच त्या माणसांच्या दारी जावे लागेल, आणि ते इमारतीला हात लावण्यापूर्वी.